हवाई दलाच्या भाकऱ्या

२ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्या हेलिकॉप्टरचा नल्लमलाच्या जंगलावर असताना संपर्क तुटला. त्यानंतर दिवसभर टीव्हीसमोर बसलेल्यांना ती शोधमोहीम आठवत असेल. हवाई दलाची हेलिकॉप्टर निघाली, सुखोई विमान आलं, निमलष्करी दलं जंगलात शिरली, आसपासच्या गावांतली माणसंही बाहेर पडली. तरी अवशेष दिसायला दुसरी सकाळ उजाडावी लागली. दहा वर्षांनी, जून २०१९मध्ये, जोरहाटहून मेचुकाला निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ अरुणाचलच्या डोंगरांत नाहीसं झालं. ते सापडायला आठ दिवस लागले. दोन्ही वेळा शोधणारे मुख्यतः गणवेशातले, पगारी आणि हुकमाचे ताबेदार होते. आकाशातून कुणाला शोधायचं म्हणजे ते सरकारचं काम, त्यातही फौजेचं, हे आपण गृहीतच धरलेलं असतं.

अमेरिकेत हे गृहीत चालत नाही. तिथे एखादं चार आसनी विमान डोंगरात बेपत्ता झालं की फ्लोरिडातल्या टिंडल तळावर हवाई दलाचं बचाव समन्वय केंद्र आहे, तिथून सूत्रं हलतात. पण प्रत्यक्ष त्या डोंगरावर घिरट्या घालायला जे सेसना विमान जातं, त्यातली माणसं बहुतेक वेळा हवाई दलाच्या पगारावर नसतात. आदल्या दिवशी ती आपापल्या दुकानात, वर्गात, कार्यालयात होती आणि परवा परत तिथेच असणार आहेत. ही माणसं सिव्हिल एअर पट्रोल या संघटनेची. देशाच्या भूभागावरच्या हवाई शोधाचं सुमारे ९० टक्के उड्डाण आपण करतो, असं ही संघटना सांगते. सभासद साठ हजारांच्या आसपास, त्यात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त शाळकरी-महाविद्यालयीन कॅडेट. विमानं साडेपाचशेच्या घरात, जवळपास सगळी एका इंजिनाची. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं याचं इतकं शब्दशः उदाहरण मला दुसरं माहीत नाही, कारण १९४८पासून ही संघटना कायद्यानेच अमेरिकी हवाई दलाची साहाय्यक आहे.

हे पुस्तक त्या संघटनेचा इतिहास सांगण्यासाठी लिहिलेलं नाही. विमानं कशी उडतात हेही यात फारसं नाही. प्रश्न एवढाच घेतला आहे, की ज्या माणसाला तुम्ही पगार देत नाही, उलट ज्याच्याकडून वर्षाची वर्गणी घेता, ज्याला रात्री दोन वाजता फोन करता आणि ज्याच्या हातात तीन जणांचा जीव देता, तो माणूस आणायचा कुठून आणि आणल्यावर टिकवायचा कसा.

थोडा इतिहास मात्र सांगायला हवा, कारण आजची निम्मी दुखणी त्यातूनच आली आहेत. संघटना स्थापन झाली १ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरच्या सहा दिवस आधी. कल्पना गिल रॉब विल्सन या विमानवेड्या गृहस्थाची, सही न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया यांची, कारण नागरी संरक्षण खातं तेव्हा त्यांच्याकडे होतं. युद्ध लागलं की खासगी विमानं जमिनीवर बसवली जाणार, हे विल्सन यांनी ओळखलं होतं. त्याआधीच त्या विमानांना आणि त्यांच्या मालकांना काहीतरी काम देऊन ठेवावं, हा हिशेब. १९४२च्या वसंतात जर्मन पाणबुड्या अटलांटिक किनाऱ्यालगत तेलवाहू जहाजं टिपत होत्या आणि नौदलाकडे गस्तीला पुरेशी विमानं नव्हती. तेव्हा ही हौशी मंडळी स्वतःची, जमिनीवर उतरायला बनवलेली एका इंजिनाची विमानं घेऊन समुद्रावर गेली. इंजिन बंद पडलं तर खाली गार पाणी. १८ महिन्यांत त्यांनी १७३ पाणबुड्या पाहिल्याची नोंद आहे. दोन बुडवल्याचा दावाही संघटना पुढे बरीच वर्षं सांगत राहिली, पण कागदपत्रं तपासल्यावर तो टिकला नाही. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. पाणबुडीच्या कप्तानाला वर विमानाचा आवाज आला की त्याला बुडी मारावी लागे, आणि पाण्याखाली गेलेली पाणबुडी जहाजाचा पाठलाग नीट करू शकत नसे. गस्तीचं काम तेवढ्याने झालं. युद्धकाळात संघटनेच्या साठेक जणांनी जीव गमावला. अमेरिकी काँग्रेसने त्या पिढीला सुवर्णपदक दिलं ते २०१४ साली, तेव्हा त्यातले बहुतेक जण हयात नव्हते.

या कथेमुळे संघटनेला एक मोहक प्रतिमा मिळाली: स्वतःचं विमान, स्वतःची हिंमत, शत्रूच्या मागावर एकटा वैमानिक. भरतीच्या पत्रकांवर आजही तिची सावली असते. आणि माझ्या मते नव्या वैमानिकाची पहिली निराशा तिथूनच सुरू होते, कारण आजचं शोधाचं काम या चित्राच्या जवळपासही जात नाही.

ते काम कसं चालतं ते जरा तपशिलात सांगतो.

नकाशाचे चौकोन पाडलेले असतात, अक्षांश-रेखांशाच्या १५ मिनिटांचा एक, त्याचेही चार तुकडे. त्यातला एक तुकडा एका विमानाच्या वाट्याला येतो. वैमानिक डाव्या आसनावर. उजवीकडे ऑब्झर्व्हर, म्हणजे नकाशा, रेडिओ आणि मोहिमेच्या नोंदी सांभाळणारा. मागच्या खिडकीशी एक किंवा दोन स्कॅनर. विमान जमिनीपासून सुमारे हजार फुटांवर, नव्वद-शंभर नॉट वेगाने, सरळ रेषेत जातं. चौकोनाच्या कडेला वळतं आणि अर्धा किंवा एक सागरी मैल सरकून उलट दिशेने परत येतं. असं तास-दीड तास, कधी दोन तास. शेतकऱ्याने नांगराची तासं घालावीत तसं.

या सगळ्या वेळात वैमानिकाने काय करायचं? खाली बघायचं नाही. उंची, वेग आणि रेषा धरून ठेवायची, समोरची तार, मनोरा, दुसरं विमान पाहायचं, आणि विमान वळणात मंदावून पडणार नाही याची काळजी घ्यायची. शोधायचं काम मागच्या खिडकीतल्या माणसाचं. त्याला उडवता येत नसेल, कदाचित विमानात बसण्याची त्याची ही चौथीच वेळ असेल, पण अवशेष दिसले तर त्याला दिसणार. वैमानिक त्याचा चक्रधर. मागून आवाज येतो, ‘घड्याळातल्या चारच्या दिशेला, झाडांत काहीतरी चमकलं.’ मग वैमानिकाने घाईने तिकडे वळून पाहायचं नसतं. खुणेचा बिंदू नोंदवून, वेग सांभाळून, ठरलेल्या पद्धतीने वळण घेऊन ती जागा स्कॅनरच्या खिडकीसमोर आणायची. बहुतेक वेळा ते पत्र्याचं छप्पर निघतं, टाकून दिलेला फ्रिज निघतो, नाहीतर ओढ्याचं पाणी. खरे अवशेष तर विमानासारखे दिसतच नाहीत. कचरा सांडल्यासारखं काही, शेंडे मोडलेली झाडं, एखादा काळा डाग.

डोंगरात याहून कठीण. तिथे रेषा मारता येत नाहीत. शिखरापासून सुरुवात करून डोंगराच्या अंगाने, उंची कमी करत, उतार वाचत खाली यायचं. दुपारी वारा उठला की कड्याच्या मागे हवा खाली ओढते, आणि चार माणसं बसलेलं जड विमान उंचावरच्या विरळ हवेत चढायला तयार नसतं. दरीत शिरताना बाहेर पडण्याची वाट आधी ठरवलेली असावी लागते. हे करायला जो वैमानिक लागतो तो धाडसी असून चालत नाही. खरं तर भरतीला आलेला माणूस फारच धाडसी वाटला, तर जुने प्रशिक्षक त्याच्याकडे जास्त बारकाईने पाहतात.

म्हणजे जो माणूस वर्षानुवर्षं ‘मी वैमानिक आहे’ या अभिमानावर जगला, त्याला इथे सांगायचं असतं की बाबा रे, या विमानात तू सगळ्यात महत्त्वाचा नाहीस. काहींना हे पटकन उमजतं आणि ते वीस-वीस वर्षं राहतात. काहींना कधीच पटत नाही. भरतीच्या सभेत हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर निम्मे परत जातील, अशी भीती स्क्वाड्रनच्या, म्हणजे स्थानिक तुकडीच्या, प्रमुखांना वाटते. मला उलट वाटतं. जे सांगितल्यावर परत जातील ते न सांगता घेतले तरी वर्षभरात जाणारच. तोवर त्यांच्या शिक्षणावर कुणाचे तरी शनिवार खर्ची पडलेले असतात.

शनिवारांचा हा हिशेब या विषयाचा गाभा आहे. तो नीट मांडलेला मला क्वचितच आढळला, म्हणून इथे मांडतो.

अमेरिकेत खासगी वैमानिकाचा परवाना कायद्याने ४० तासांच्या उड्डाणावर मिळू शकतो, व्यवहारात साठ-सत्तर तास लागतात. शोधमोहिमेत वैमानिक म्हणून बसायचं तर संघटनेच्या नियमावलीत वर्षानुवर्षं विमानाचा प्रमुख या नात्याने २०० तासांची अट आहे. परवाना खिशात घेऊन उत्साहाने आलेला माणूस महिन्याला दोन-तीन तास उडवतो असं धरलं, तरी पाच ते आठ वर्षं गेली. या काळात तो काय करतो? आधी ओळखपडताळणी, बोटांचे ठसे. मग कॅडेट मुलांशी कसं वागावं याचा सक्तीचा अभ्यासक्रम. मग सुरक्षेचा, रेडिओचा, आपत्ती व्यवस्थापनाचा. मग संघटनेचं विमान उडवण्याची परवानगी, जी ‘फॉर्म ५’च्या चाचणी उड्डाणातून मिळते; ही चाचणी दरवर्षी नव्याने द्यावी लागते. त्यानंतर मोहिमेचं प्रशिक्षण आणि त्याची वेगळी चाचणी. यातला एकेक टप्पा बघितला तर चुकीचा नाही. प्रत्येकामागे कुठला तरी अपघात, कुठला तरी खटला किंवा कुठली तरी लाज वाटावी अशी घटना असते. पण सगळे एकापुढे एक लावले की त्या माणसाला वाटतं, आपण उडायला आलो होतो आणि हे लोक कागदी घोडे नाचवतायत.

गळती होते ती इथे. फार वर्षं काम करून दमलेल्यांची गळती असते, पण ती समजण्यासारखी आहे आणि तिला तोड नाही. संघटनेला खरा तोटा होतो तो नाव नोंदवण्यापासून पहिल्या मोहिमेपर्यंतच्या मोकळ्या रानात. मंगळवारच्या साप्ताहिक बैठकीला आलेल्या नव्या माणसाशी कुणी बोलत नाही. चाचणी घेणारा वैमानिक अख्ख्या भागात एकच असतो आणि तो महिनाभर गावाला गेलेला. विमान दुरुस्तीला गेलेलं. ठरलेल्या शनिवारी ढग. माणूस भांडून सोडत नाही. तो पुढच्या वर्षीची वर्गणी भरत नाही, एवढंच. त्यामुळे तो का गेला हे कुणी विचारत नाही, आणि कागदावर ‘नूतनीकरण केलं नाही’ एवढा शेरा राहतो.

ज्या स्क्वाड्रननी यावर उपाय शोधले त्यांनी पैसा लागेल असं काहीच केलं नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून एका जुन्या माणसाच्या गळ्यात बांधलं. २०० तास होईपर्यंत त्याला स्कॅनर म्हणून मागे बसवलं, मग ऑब्झर्व्हर म्हणून पुढे. याचा दुहेरी फायदा होतो. तो पहिल्याच वर्षी मोहिमेवर जातो. आणि पुढे डाव्या आसनावर बसतो तेव्हा मागच्या खिडकीतून खाली बघणाऱ्याला वळण कसं हवं असतं, मान किती वेळात आखडते आणि पोटात कधी ढवळायला लागतं, हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं.

आता पैशांबद्दल. स्वयंसेवकांच्या संदर्भात पैशाचा विषय काढला की आपल्याकडे जरा अवघडल्यासारखं होतं. इथे तसं करून चालणार नाही. अमेरिकेत साधं सेसना १७२ भाड्याने घ्यायचं तर अलीकडे तासाला दीडशे ते दोनशे डॉलर सहज जातात. संघटनेचं विमान सरावासाठी त्यापेक्षा बऱ्याच कमी खर्चात मिळतं, आणि नेमून दिलेल्या मोहिमेवर इंधनाचा खर्च सरकार उचलतं. खासगी परवान्याच्या वैमानिकाला उड्डाणाचा मोबदला घेता येत नाही, पण अधिकृत शोधकार्यात इंधन, तेल, विमानतळाचा आकार आणि विमानाचं भाडं एवढं परत घ्यायला अमेरिकी नियमांनी खास मुभा दिली आहे. तेव्हा ‘स्वस्तात उडायला मिळतं म्हणून येतात’ हा टोमणा जुना आहे आणि बऱ्याच अंशी खराही. मला त्यात गैर काही दिसत नाही. भजनी मंडळात कुणी गळा तयार करायला जातो, कुणी प्रसादाला. टाळ दोघंही वाजवतात. फरक पडतो तो पुढे. ज्याला फक्त तास हवेत तो तास मिळाले की जातो.

आणि तास हवे असणाऱ्यांची संख्या गेल्या दशकभरात वाढली. फेब्रुवारी २००९मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान कोसळलं. त्यानंतर झालेल्या कायद्यामुळे २०१३पासून अमेरिकेत प्रवासी विमानात सहवैमानिक व्हायलाही साधारणपणे १५०० तास लागतात. तरुण वैमानिक ते तास जमवण्यासाठी वाट्टेल ते करतो: जाहिरातीचे फलक ओढतो, तेलवाहिन्यांवर गस्त घालतो, नवशिक्यांना शिकवतो, आणि जमलं तर सिव्हिल एअर पट्रोलमध्येही येतो. १५०० झाले की विमान कंपनी त्याला उचलते, आणि त्याच्या शनिवार-रविवारवर कंपनीचं वेळापत्रक बसतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यामुळे संघटनेच्या कॉकपिटमध्ये शेवटी उरतात ती पंचावन्न-साठीच्या पुढची माणसं. मुलं मार्गी लागलेली, घराचे हप्ते फिटलेले, हातात वेळ असलेली.

त्या वयाचे प्रश्न वेगळे. नजर, रक्तदाब, साखर. १ मे २०१७पासून अमेरिकेत खासगी वैमानिकांसाठी वैद्यकीय नियम सैल झाले आणि अनेकांची उड्डाणाची वर्षं वाढली. संघटनेचं त्यात भलंच झालं. तरीही एक दिवस येतो, जेव्हा तीस वर्षं स्क्वाड्रनची सेवा केलेल्या माणसाला सांगावं लागतं की आता डावं आसन सोडा. हे सांगायचं काम सहसा त्याच्याच हाताखाली शिकलेल्या माणसावर येतं. टाळाटाळ होते. चाचणी घेणारा जरा हात सैल सोडतो. टिकवण्याच्या नावाखाली ही सैल हाताची चाचणी म्हणजे या संघटनांचा सगळ्यात धोकादायक रोग आहे असं माझं मत आहे, आणि ते मी मऊ शब्दांत सांगणार नाही. हे उड्डाण नीट तयारी असलेल्यांनाही माफ करत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये कोलोरॅडोतल्या स्टॉर्म माउंटनजवळ संघटनेचं सेसना प्रशिक्षणाच्या उड्डाणावर असताना कोसळलं. दोघं गेले, तिसरा गंभीर जखमी झाला. जिथे वरिष्ठाला वेळेवर ऑब्झर्व्हरच्या आसनावर, मोहिमेच्या नियोजनात किंवा शिकवण्यात मानाने जागा दिली जाते, तिथे तो राहतो. जिथे ‘उडवत नाही तो बिनकामाचा’ अशी हवा असते तिथून तो जातो, आणि त्याच्याबरोबर त्या दऱ्याखोऱ्यांची माहितीही जाते.

गणवेशाबद्दल एक गंमत सांगून टाकतो. हवाई दलासारखा गणवेश घालायचा तर वजन आणि केशभूषेचे निकष पाळावे लागतात. ज्याचं पोट सुटलंय किंवा ज्याला दाढी प्रिय आहे त्याच्यासाठी पांढरा शर्ट आणि करडी पँट. एकाच स्क्वाड्रनमध्ये, एकाच विमानात, दोन जातींचे कपडे. गणवेशासाठी येणारे असतात तसे गणवेशामुळे न येणारेही असतात. यावर या मंडळींमध्ये जेवढा वाद होतो तेवढा इंजिनाच्या तेलावर होत नाही.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट पडद्यामागे घडते आहे: शोधण्यासारखं कमी उरतंय.

पूर्वी विमान आदळलं की त्यातला संकटसंदेश देणारा बीकन १२१.५ मेगाहर्ट्झवर ओरडायला लागे. उपग्रह तो आवाज पकडत आणि वैमानिकांना पाठवलं जाई. बहुसंख्य आवाज खोटे असत. कुणीतरी धाडकन विमान उतरवलं आणि हँगरमध्ये लावून घरी गेला, बीकन आत बोंबलतोय. मग मध्यरात्री स्वयंसेवक वर जात. विमान हळूहळू गोल फिरवायचं. पंख कलला की तो अँटेनाच्या आड येतो आणि आवाज पडतो. त्या क्षणी पंख जिकडे आहे तिकडे बीकन. असं करत विमानतळ गाठायचा आणि शेवटी हातातला रिसीव्हर घेऊन हँगरच्या रांगेतून चालत जायचं. कंटाळवाणं काम, पण माणसं हातातून निसटत नसत. महिन्यातून एकदा तरी बोलावणं, सराव चालू, आपली गरज आहे ही जाणीव ताजी. १ फेब्रुवारी २००९पासून उपग्रहांनी १२१.५ ऐकणं बंद केलं. नवा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन मालकाच्या नावावर नोंदलेला असतो, त्यामुळे समन्वय केंद्रातला माणूस आधी मालकाला फोन करतो, आणि बरीच प्रकरणं फोनवरच मिटतात. शिवाय हरवलेल्याच्या मोबाइलचा मनोऱ्यांशी झालेला संपर्क आणि रडारच्या नोंदी तपासणारी संघटनेचीच पथकं आहेत. घरी संगणकासमोर बसलेले हे मोजके स्वयंसेवक आज जेवढे जीव वाचवतात तेवढे सगळी विमानं मिळून वाचवत असतील की नाही, शंका आहे.

हरवलेल्यांच्या दृष्टीने ही उत्तमच बातमी. पण ज्या वैमानिकाने २०० तास जमवले, चाचण्या दिल्या आणि आता फोनची वाट बघतोय, त्याला टिकवायचं कसं? शोध कमी झाले म्हणून वैमानिक सोडून देता येत नाहीत. सप्टेंबर २००७मध्ये साहसी वैमानिक स्टीव्ह फॉसेट नेवाडातल्या एका रँचवरून निघाला आणि परतला नाही, तेव्हा एवढं तंत्रज्ञान असूनही संघटनेची विमानं आठवडेच्या आठवडे वाळवंटावर आणि सिएरा नेवाडाच्या डोंगरांवर फिरली. अवशेष शेवटी वर्षभराने, एका पायी हिंडणाऱ्या माणसाला त्याची ओळखपत्रं मिळाल्यावर, मॅमथ लेक्सजवळ सापडले. असा दिवस कधी येईल सांगता येत नाही, आणि तहान लागल्यावर विहीर खणण्याची सोय या कामात नाही. डोंगरात उडवण्याचा हात सहा महिने वापरला नाही तर जातो.

संघटनेने यावर काढलेला मार्ग म्हणजे वैमानिकाला दुसरी कामं देणं. १२ सप्टेंबर २००१ रोजी, देशातलं बाकी आकाश रिकामं असताना, याच संघटनेच्या सेसनाने न्यूयॉर्कवर जाऊन वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्याची छायाचित्रं घेतली. चक्रीवादळं आणि पूर आल्यावर नुकसानीची छायाचित्रं हे आता शोधाएवढंच मोठं काम आहे. लढाऊ वैमानिकांना घुसखोर विमान अडवण्याचा सराव हवा असतो, तेव्हा घुसखोराची भूमिका हेच करतात. आणि प्रत्येक कॅडेटला पुढच्या आसनावर बसवून पाच उड्डाणं घडवायची असतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात पहिल्यांदा सुकाणू देणं हे अनेक जुन्या वैमानिकांचं राहण्याचं खरं कारण आहे, ते मान्य करोत वा न करोत. मात्र यातही एक खोच आहे. इतकी निरनिराळी कामं आली की प्रत्येकाची निराळी पात्रता आली, निराळी चाचणी आली, आणि आपण पुन्हा त्या कागदांच्या रानात येतो.

कॅनडाने वेगळी वाट धरली. १९८६ साली उभी राहिलेली ‘कॅसारा’ ही संघटनाही स्वयंसेवकांचीच, पैसा संरक्षण खात्याचा, पण विमानं बहुतेक सभासदांची स्वतःची किंवा भाड्याची. तिथले निरीक्षक हवाई दलाच्या हर्क्युलससारख्या विमानांतही खिडकीशी बसतात. स्वतःचं विमान आणणारा माणूस सहजी सोडून जात नाही. पण विमान बाळगण्याइतका पैसा असलेली तरुण माणसं कुठून आणायची, हा प्रश्न तिथे आणखी धारदार होतो.

मराठी वाचकापुढे हे पुस्तक का ठेवावं, असा प्रश्न येईल. आपल्याकडे अशी संघटना नाही आणि नजीकच्या काळात होईल असं वाटत नाही. हौसेने विमान उडवणारा मध्यमवर्ग आपल्याकडे तयारच झाला नाही. आपले फ्लाइंग क्लब म्हणजे विमान कंपनीच्या नोकरीची पायरी. परवाना हातात आला की मुलं तिकडे फिरकत नाहीत. पण हवाई शोध बाजूला ठेवला तर हा प्रश्न सह्याद्रीत रोज भेटतो. दरीत पडलेल्या पर्यटकाला वर काढायला लोणावळ्याचे, महाबळेश्वरचे, पोलादपूर-महाडकडचे गिर्यारोहक स्वतःचे दोर घेऊन जातात. २०१८च्या जुलैत आंबेनळी घाटात बस कोसळली तेव्हा शेकडो फूट खाली उतरणाऱ्यांत हीच मुलं होती. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांनी बचावकार्यासाठी समन्वय केंद्रही उभं केलं आहे. तिथेही दोर धरणारा हात तिशीत नोकरी-संसारात जातो, तिथेही नव्या मुलाला पहिल्याच दिवशी कड्यावरून खाली जायचं असतं आणि त्याला वर्षभर वर उभं राहून दोर सोडायला सांगावं लागतं. तिथेही विमा, शिक्षण आणि ‘तू आता उतरू नकोस’ हे कोण सांगणार, हे प्रश्न आहेत. अमेरिकेतल्या मंडळींनी त्यावर ८० वर्षं डोकं खपवलं आहे आणि पुष्कळ चुकाही केल्या आहेत. त्या आपल्याला फुकटात वाचायला मिळतात.

पुस्तक सलग वाचायलाच हवं असं नाही. युद्धकाळात रस असेल त्यांनी पहिली दोन प्रकरणं वाचावीत. विमानांचं आकर्षण असलेल्यांना तिसरं आवडेल. त्यात शोधउड्डाणांच्या पद्धती आकृत्यांसह दिल्या आहेत. ज्यांच्या हाताखाली दहा-वीस बिनपगारी माणसं काम करतात, मग ते बचावपथक असो, रक्तपेढी असो की गणेशोत्सव मंडळ, त्यांनी सरळ चौथं प्रकरण उघडावं. ते पहिल्या वर्षाबद्दल आहे: नाव नोंदवलेल्या माणसाला पहिला फोन कुणी करायचा, किती दिवसांत करायचा आणि त्याला लगेच कोणतं खरं काम द्यायचं. पाचवं प्रकरण निवृत्तीवर आहे. ते लिहायला सगळ्यात अवघड गेलं आणि काहींना ते कठोर वाटेल. मी त्यातलं एकही वाक्य बदललेलं नाही.